लागेल का? : ॲडमिशनच्या अंदाजाची गोष्ट



गेल्या शनिवारी सकाळी कुंभवलीहून आईचा फोन. "अरे, शेजारच्या काकी आल्यात. त्यांच्या मुलीचा सीईटीचा निकाल लागलाय. जरा बोल." मी हो-नाही म्हणायच्या आत फोन स्पीकरवर गेला होता. काकींनी थेट मुद्द्यालाच हात घातला, "बाळा, 94 परसेंटाइल आलेत. मुंबईत कॉम्प्युटर लागेल का रे?"

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो. बोईसर स्टेशनला उतरून एमआयडीसीकडे निघालं की कुंभवली लागतं. एमआयडीसीचं नाव तारापूर, स्टेशन बोईसर, आणि कामगारांच्या चाळी आजूबाजूच्या गावांत. आमचे बाबाही तिथे ऑपरेटर होते. आमच्या चाळीतून इंजिनीयर होऊन आयटीत लागलेल्या पहिल्या काही जणांत माझा नंबर लागतो, त्यामुळे 'त्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं' असा एक (चुकीचा) समज पसरलेला आहे.

यावेळी मात्र मी लगेच उत्तर दिलं नाही. "काकी, मला एक दिवस द्या," असं सांगून फोन ठेवला. त्याला कारण आहे. 2024 च्या पावसाळ्यात आमच्याच चाळीतल्या एका मुलानं मला असंच विचारलं होतं. मी मोठ्या ऐटीत आदल्या वर्षीचे कट-ऑफ एक्सेलमध्ये टाकले, फिल्टर लावला आणि त्याला सांगितलं, "हे कॉलेज सोड. चान्स नाही." त्यानं ते नाव फॉर्ममध्ये टाकलंच नाही. त्या वर्षी त्या कॉलेजचा कट-ऑफ खाली आला. म्हणजे नाव टाकलं असतं तर त्याला ती जागा मिळाली असती. तो मला एका शब्दानंही बोलला नाही. दिवाळीत भेटला तेव्हा नेहमीसारखं "काय दादा" म्हणाला. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न आहे. 'लागेल का?' हे आपण नक्की कशावरून ठरवतो? आणि ठरवायची खरंच गरज असते का? विकेंडला जरा मागे जाऊन वाचलं, त्याचाच हा लेख.

सुरुवात अगदी सुरुवातीपासून करू. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं 1857 मध्ये आणि पहिली मॅट्रिक झाली 1859 मध्ये. पास झाली जेमतेम वीस-बावीस मुलं. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. 1862 मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले ते चारच जण : रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. त्या काळी मॅट्रिक हाच कॉलेजचा दरवाजा. पास झालात तर आत, नापास झालात तर बाहेर. कट-ऑफ ही भानगडच नव्हती, कारण त्या परीक्षेपर्यंत पोचणारेच मोजके होते. खरी चाळणी परीक्षेच्या कितीतरी आधी लागलेली असायची. घरात इंग्रजी शिकवण्याइतके पैसे आहेत का, जात कुठली, आणि मुलगा आहे की मुलगी.

यातल्या शेवटच्या चाळणीचं उदाहरण पुण्यातच आहे. मुंबई विद्यापीठानं मुलींना परीक्षांची दारं उघडली 1883 मध्ये. त्यानंतर काही वर्षांतच कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजमधून पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. त्यांच्या गुणांवर इंग्लंडला शिकायला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण त्या बाई होत्या. पुढे लोकांनी वर्गणी काढून त्यांना पाठवलं आणि 1892 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्याच महिला. आता विचार करा, 1885 साली कॉर्नेलियाबाईंनी एखाद्या माहीतगाराला 'मला शिष्यवृत्ती लागेल का?' असं विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? मार्क बघून 'लागेल' म्हणाला असता तर चुकला असता, कारण निर्णय नियमानं झाला. पण 'बाई, हा नाद सोडा' म्हणाला असता तर त्याहून जास्त चुकला असता, कारण त्या शेवटी पोचल्याच!

तर पहिला मुद्दा असा, की चान्स हा मार्कांमध्ये नसतो. तो मार्क आणि नियम यांच्या मध्ये कुठेतरी असतो. आणि नियम माणसं बदलतात.

दुसरं उदाहरण मद्रासचं आहे, पण आपल्या विषयाला इतकं चपखल बसतं की टाळता येत नाही. मद्रास प्रांतात एक 'कम्युनल जी.ओ.' होता. दर 14 जागांमागे 6 ब्राह्मणेतर हिंदूंना, 2 मागास हिंदूंना, 2 ब्राह्मणांना, 2 हरिजनांना, 1 अँग्लो-इंडियन व ख्रिश्चनांना आणि 1 मुसलमानांना, असं ते वाटप. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी मेडिकलसाठी याविरुद्ध दावा लावला आणि एप्रिल 1951 मध्ये सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. त्यावर उत्तर म्हणून त्याच वर्षी जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि मागासवर्गीयांच्या शैक्षणिक आरक्षणाला घटनेत 15(4) हे कलम मिळालं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण एक तपशील फारसा कोणी सांगत नाही. चंपकमबाईंनी मेडिकल कॉलेजात अर्जच केलेला नव्हता! त्यांनी आधी चौकशी केली, आपला नंबर लागणार नाही असं कळलं, आणि अर्ज न करता त्या थेट कोर्टात गेल्या. अर्ज न केल्याची ही गोष्ट खुद्द सुप्रीम कोर्टानं निकालात नमूद केली आहे. म्हणजे आपल्याकडच्या आरक्षणाच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला खटलासुद्धा 'लागेल का?' या प्रश्नावरून, आणि 'नाही लागणार' या उत्तरावरून सुरू झाला. (चाळीतला तो मुलगा कोर्टात गेला नाही, माझं नशीब.)

आता महाराष्ट्रात आणि इंजिनीयरिंगकडे येऊ. पुण्याचं कॉलेज (आजचं सीओईपी) सुरू झालं 1854 मध्ये, सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसं तयार करायला. मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, यूडीसीटी 1933 चं, आयआयटी 1958 ची, अंधेरीचं सरदार पटेल 1962 चं. म्हणजे 1980 पर्यंत मुंबईत इंजिनीयरिंगला जायचं तर दारं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. कुंभवलीच्या मुलाला ही नावं ऐकूनही माहीत नसतील. गंमत अशी, की तेव्हा आमच्या शेजारी तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र (1969 पासून) चालू होतं. देशभरातून इंजिनीयर तिथे नोकरीला येत होते, आणि आजूबाजूच्या गावांतून इंजिनीयर व्हायला कोणी जात नव्हतं!

1983 मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित इंजिनीयरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आज मुंबईत जी नावं कट-ऑफच्या यादीत वर दिसतात त्यांतली थडोमल, सोमय्या, व्हीईएस ही 1983-84 चीच. दारं वाढली, पण प्रत्येक दारावर पैशाचा एक नवा रखवालदार बसला. कॅपिटेशन फी, म्हणजे मराठीत डोनेशन. 1987 मध्ये महाराष्ट्रानं कॅपिटेशन फीविरुद्ध कायदाही केला. शेजारच्या कर्नाटकातलं मोहिनी जैन प्रकरण 1992 चं. तिथे मेडिकलची सरकारी जागा वर्षाला 2,000 रुपयांना, राज्यातल्या मुलाला खासगी जागा 25,000 ला आणि बाहेरच्याला 60,000 ला. सुप्रीम कोर्टानं कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालानं जागांचे दोन भाग केले, अर्ध्या 'फ्री' आणि अर्ध्या 'पेमेंट', पण दोन्ही मेरिटनंच भरायच्या. तुमचे काका किंवा मोठे मामेभाऊ 'मला फ्री सीट होती' असं अजून अभिमानानं सांगत असतील तर ते याच काळातले. मग 2002 मध्ये टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ती योजनाच मोडीत काढली. 2005 मध्ये पुण्याच्या पी.ए. इनामदारांच्या खटल्यात खासगी कॉलेजांत सरकारी कोटा लादता येणार नाही असं ठरलं, आणि त्यावर उत्तर म्हणून 93 वी घटनादुरुस्ती आली. दमलात ना वाचून? पोरांनी यातूनच फॉर्म भरलेत.

अकरावीची कथा तर आणखी रंगतदार. 2008 मध्ये मुंबईत वेगवेगळ्या बोर्डांच्या मुलांसाठी पर्सेंटाइलचा फॉर्म्युला आला, हायकोर्टानं रद्द केला. 2009 मध्ये एसएससीवाल्यांना 90 टक्के जागा देणारा 90:10 कोटा आला, तोही रद्द झाला. 2010 मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, ते हायकोर्टात पडलं आणि सुप्रीम कोर्टात उभं राहिलं. तीन वर्षं, तीन फॉर्म्युले.

आणि आमची बॅच? आम्ही बारावी 2015 ची. 2014 आणि 2015 ही दोनच वर्षं महाराष्ट्रात इंजिनीयरिंगचे प्रवेश राज्याच्या सीईटीऐवजी जेईई मेनवर झाले. निम्मं वजन जेईईला, निम्मं बारावीच्या मार्कांना. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, जेईईत होतं. आमच्या आधीच्यांचे कट-ऑफ आम्हाला निरुपयोगी आणि आमचे आमच्या नंतरच्यांना, कारण 2016 ला सीईटी परत आली. 2019 मध्ये ती कॉम्प्युटरवर गेली, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे पेपर, म्हणून मार्कांऐवजी पर्सेंटाइल आले. मराठा आरक्षण 2018 मध्ये आलं, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केलं, 2024 मध्ये नव्या कायद्यानं 10 टक्के होऊन परत आलं. मध्ये 2019 ला 10 टक्के ईडब्ल्यूएस. आणि 2024 मध्ये एआयसीटीईनं एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादाच काढून टाकली. बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या. माझ्या एक्सेलमध्ये हा कॉलमच नव्हता! मी 2023 च्या जागांवर 2024 च्या मुलाचं भविष्य सांगत बसलो होतो.

कट-ऑफ म्हणजे तरी काय? 'या कॉलेजला 96 लागतात' असं आपण म्हणतो, जणू कॉलेजच्या गेटवर तसा बोर्ड लावलाय. प्रत्यक्षात कट-ऑफ म्हणजे गेल्या वर्षी त्या जागांवर बसलेल्या शेवटच्या मुलाचा आकडा. तो मुलगा कुठल्या रांगेत होता हेही बघावं लागतं. यादीत 'जीओपनएच', 'एलओबीसीएस' असले सांकेतिक शब्द असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची राखीव जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरची, एस असेल तर राज्यस्तर. एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांचे दहा वेगवेगळे कट-ऑफ असू शकतात. काकींच्या मुलीला मी 'ओपन'चा आकडा बघून घाबरवलं असतं तर ती चूक माझी, कारण ती ओबीसी आहे, मुलगी आहे आणि पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत आहे. तिची रांगच वेगळी.

आता मुख्य गोष्ट, जी मला हे सगळं वाचताना कळली.

पूर्वी प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, यादी वेगळी, तारीख वेगळी. मुंबईत अकरावीचं 2009 च्या आधी असंच होतं. प्रत्येक फॉर्मला पैसे आणि एक दिवस. आमच्याकडून मुंबईला जायचं तर शटल किंवा एक्स्प्रेस गाठायची, कारण डहाणूपर्यंत लोकल आली ती 2013 मध्ये. बाबांचा एक खाडा, म्हणजे एक दिवसाचा पगार. अशा वेळी 'लागेल का?' हा अगदी शहाणपणाचा प्रश्न होता. दहा ठिकाणी जाता येत नाही म्हणून जिथे चान्स आहे तिथेच जायचं.

कॅप राउंडमध्ये हे सगळं बदललं. आता एकच रांग आहे. कॉम्प्युटर मेरिट लिस्टमधल्या पहिल्याला विचारतो, तुझ्या यादीतलं वरून पहिलं मोकळं काय आहे? ते त्याला देतो. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तुमचा नंबर येईल तेव्हा तुमच्या यादीतल्या पहिल्या पाच जागा भरलेल्या असतील तर तो सहावी बघतो. वरच्या पाच जागा मागितल्याबद्दल सहाव्या जागेवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही! 1962 मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवणं या विषयावर एक छोटासा पेपर लिहिला. त्यात विद्यार्थी क्रमानं अर्ज करत जातात आणि खरी आवड सांगण्यात त्यांचा कधीच तोटा होत नाही, अशी पद्धत आहे. शॅप्लींना त्या कामासाठी 2012 चं नोबेल मिळालं. सगळ्या कॉलेजांची मेरिट लिस्ट एकच असली की ती पद्धत आपल्या कॅपसारखीच सोपी होते.

म्हणजे फॉर्म भरताना 'चान्स' हा इनपुटच नाही. कॅपच्या फॉर्ममध्ये तब्बल 300 पर्याय टाकता येतात. एक जास्तीचं नाव टाकायला लागतात काही सेकंद, आणि ते न टाकण्याची किंमत चार वर्षं. सवय मात्र आपली जुन्या काळातली. खाडा पडेल या भीतीनं वडिलांनी ज्या कॉलेजात फॉर्म भरला नाही, ते कॉलेज मुलगा ऑनलाइन फॉर्ममध्येही वगळतो. आणि माझ्यासारखा अर्धवट शहाणा दादा त्याला वगळायला सांगतो.

मग अंदाज कशाला लागतो? लागतो, पण वेगळ्या कामासाठी. फी किती जमवायची, यादी खाली कुठपर्यंत न्यायची, काहीच लागलं नाही तर काय, यासाठी. पर्सेंटाइलचं गणितही साधं आहे. समजा तीन लाख मुलं बसली, तर 94 म्हणजे तुमच्यापुढे साधारण अठरा हजार. आकडा मोठा वाटतो, पण त्यातले कितीतरी आयआयटीला, राज्याबाहेर किंवा पुण्याला जाणार. राज्याची रांग आणि तुमची रांग एक नाही.

रविवारी संध्याकाळी मी काकींना फोन केला. म्हटलं, "काकी, लागेल की नाही ते मी सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं होतं, ते चुकलं." मग मुलीशी बोललो. सांगितलं, जिथे खरंच जायचंय ती सगळी नावं वर टाक, तुझ्या आवडीच्या क्रमानं, कट-ऑफच्या क्रमानं नाही. फक्त एक लक्षात ठेव, पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. त्यामुळे कोणाला दाखवायला पहिलं नाव टाकू नकोस. रोज बोईसर ते दादर दोन-सव्वादोन तास जमेल का, तेही आताच ठरव. पालघर-बोईसरलाही आता इंजिनीयरिंग कॉलेजं आहेत, ती खाली टाकायला लाजू नकोस. आणि जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर आज काढायला टाक. आरक्षण कायद्यानं मिळतं, पण जागा कागदावर जाते.

ती म्हणाली, "दादा, पण वरची पाच नावं तर लागणारच नाहीत ना? मग टाकायची कशाला?"

मी म्हटलं, "तू टाक. नाही म्हणायचं काम कॉम्प्युटरचं आहे, ते आपण कशाला करायचं?"

थोडा वेळ शांतता. मग मागून काकींचा आवाज आला, "टाक गं. टाकायला पैसे नाही लागत."

दीडशे वर्षांचा इतिहास वाचून मी जिथे पोचलो, तिथे काकी एका वाक्यात पोचल्या. असो. चाळीतल्या त्या मुलालाही मी या रविवारी फोन केला, दोन वाक्यांत माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "सोड ना दादा, माझं चांगलं चाललंय." चाललं असेलही. पण तुमच्याकडे कोणी 'लागेल का?' विचारायला आलं तर मंडळी, 'नाही' म्हणायच्या आधी या वर्षीचे नियम आणि या वर्षीच्या जागा बघा. आणि तरीही 'नाही' म्हणू नका.